लिऑन फ्लायशर यांची मधली तीस वर्षं

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मागच्या महिन्यात पियानो वाजवणाऱ्या बारा वर्षांच्या एका मुलावर लेख होता. रोज सहा तास सराव, दुखणाऱ्या बोटांना चिकटपट्टी, हात ठणकला तरी जागेवरून उठायचं नाही, असं सगळं त्यात कौतुकानं लिहिलं होतं. शेजारी चिकटपट्टी गुंडाळलेल्या बोटांचा मोठा फोटो. मला तो बघवला नाही. तरी मी गप्प बसले असते, पण चारच दिवसांनी माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील तेच पान कापून घेऊन आले. मुलगी चौदा वर्षांची. तिचा उजवा हात करंगळीच्या बाजूनं मनगटापर्यंत दुखतोय, म्हणून मी तिचं वाजवणं बंद ठेवलं होतं. वडिलांनी कात्रण माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "बाई, हा बघा. हिच्याहून दोन वर्षांनी लहान आहे." ते कात्रण आता त्यांच्या घरी पियानोवर, नोटेशनची वही ठेवतात त्या जागेच्या वर चिकटवलेलं आहे. मुलीनंच मला सांगितलं. म्हणून हे पत्र.

त्या मुलाबद्दल माझी काही तक्रार नाही. तो गुणी असेल, त्याचं भलंच व्हावं. मला बोलायचं आहे ते वादकाच्या आयुष्यातलं काय छापलं जातं आणि काय गाळलं जातं याबद्दल. बालपणीची चमक छापली जाते, बक्षीस छापलं जातं, संकटातून सावरून पुन्हा मंचावर आला तर तेही छापलं जातं. मधलं कुणी लिहीत नाही. आणि ज्यांच्या आयुष्यात हे 'मधलं' तीस वर्षं चाललं, त्या अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांची हकिकत मला आपल्या वाचकांना सांगायची आहे. विशेषतः त्या वडिलांना.

फ्लायशर यांचा जन्म १९२८ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. वडील टोप्या बनवायचे. आईवडील दोघंही पूर्व युरोपातून अमेरिकेत आलेले. पियानोची शिकवणी खरं तर थोरल्या भावाची होती. शिक्षक गेले की धाकटा लिऑन पियानोपाशी जाऊन, ऐकलेलं सगळं भावापेक्षा चांगलं वाजवून दाखवायचा. मग शिकवणी त्याची झाली. नऊ वर्षांचा असताना त्याला आर्टुर श्नाबेल यांच्यासमोर बसवलं गेलं. श्नाबेल एवढ्या लहान मुलांना शिकवतच नसत. तेव्हा ऑर्केस्ट्रा चालवणारे कंडक्टर आल्फ्रेड हर्ट्झ यांनी त्यांना घरी जेवायला बोलावलं आणि जेवण आटोपून ते दिवाणखान्यात येतात तो समोर हा मुलगा पियानोवर बसलेला. त्यानं वाजवलं आणि श्नाबेल यांनी त्याला शिष्य केलं. पण एका अटीवर: शिकत असेपर्यंत जाहीर कार्यक्रम करायचे नाहीत.

या अटीपाशी जरा थांबा, संपादक महोदय. जगातल्या सर्वांत आदरणीय पियानोवादकांपैकी एक माणूस एका विलक्षण मुलाला हाताशी धरतो आणि पहिली गोष्ट काय करतो, तर त्याला लोकांच्या नजरेआड नेतो. श्नाबेल हे लेशेटिट्स्की यांचे शिष्य, लेशेटिट्स्की चेर्नी यांचे आणि चेर्नी खुद्द बेटहोवनचे. इतकी सरळ परंपरा. तिथे घाईला जागा नव्हती. १९३८ च्या उन्हाळ्यात इटलीत कोमो सरोवराकाठी शिकवणी सुरू झाली. आधी सूर मनात ऐकायचा आणि मगच बोट पट्टीवर ठेवायचं, हे त्या शिक्षणाचं सार. फ्लायशर स्वतः पुढे आयुष्यभर हेच शिकवत राहिले.

सोळाव्या वर्षी, १९४४ मध्ये, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये कंडक्टर पिएर माँतू यांच्या हाताखाली न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर त्यांनी ब्राम्सचा डी मायनर कॉन्चेर्टो, म्हणजे एकल वादक आणि ऑर्केस्ट्रा यांची मोठी रचना, वाजवला. ज्यांनी तो ऐकला नसेल त्यांच्यासाठी सांगते: त्यात पहिल्याच भागात सप्तकांच्या ट्रिल आहेत, म्हणजे शेजारशेजारचे सूर भराभर आलटून पालटून, तेही सप्तकाच्या जोडीनं. एका टोकाला अंगठा, दुसऱ्या टोकाला अनामिका आणि करंगळी आलटून पालटून, ताणलेल्या पंजानं, संपूर्ण ऑर्केस्ट्राच्या वर ऐकू येईल इतक्या जोरात. पुढे जी बोटं गेली ती हीच दोन, अनामिका आणि करंगळी. त्या ट्रिलमुळेच गेली असं मी म्हणत नाही. पण मोठ्या पंजाच्या, जोरकस वाजवण्याच्या सगळ्या साहित्यात भार कुठे येतो ते यावरून कळेल.

नंतरची कारकीर्द सांगायला सोपी आहे. मधे काही वर्षं कार्यक्रम आटले, तेव्हा ते पॅरिसला जाऊन राहिले. १९५२ मध्ये ब्रसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा जिंकली. ती जिंकणारे पहिले अमेरिकन. मग कंडक्टर जॉर्ज सेल आणि क्लीव्हलंड ऑर्केस्ट्राबरोबर बेटहोवनचे पाचही कॉन्चेर्टो आणि ब्राम्सचे दोन्ही ध्वनिमुद्रित केले. साठ वर्षांनंतर आजही मी विद्यार्थ्यांना आधी तेच ऐकवते. सगळं कसं स्वच्छ, निर्मळ. एकही सूर उगाच दाबलेला नाही.

१९६४ च्या सुमारास उजव्या हाताच्या त्या दोन बोटांना काहीतरी व्हायला लागलं. दुखणं म्हणावं तर दुखणं नव्हतं. बोटं आपोआप आत, तळव्याकडे मुडपायला लागली. ते म्हणतील तेव्हा उघडेनात. अशा वेळी मेहनती माणूस काय करतो? फ्लायशर यांनी तेच केलं. सराव वाढवला. दिवसाचे सात-आठ तास, बोटांना वळण लागावं म्हणून. पुढे त्यांनीच अनेकदा सांगितलं की ही त्यांची सर्वांत मोठी चूक होती. १९६५ मध्ये क्लीव्हलंड ऑर्केस्ट्रा सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर निघणार होता, फ्लायशर एकल वादक म्हणून जायचे होते. निघण्याआधी मोत्सार्टचा सी मेजर कॉन्चेर्टो वाजवला, आणि तो ऐकून सेल यांनी त्यांना सांगितलं की तुला येता येणार नाही. वय छत्तीस. म्हणजे पियानोवादकाचं खरं पिकणं जिथे सुरू होतं ते वय.

आता माझं थोडं. मी काही फ्लायशर नाही, त्यांच्या शंभर पायऱ्या खाली आहे. पण हात सगळ्यांना दोनच असतात.

बाविसाव्या वर्षी मी डिप्लोमाच्या परीक्षेची तयारी करत होते. त्यात शोपँची ए मायनरमधली एक एट्यूड, म्हणजे सरावासाठीची रचना होती, दहाव्या ओपसमधली (प्रकाशित संचातली) दुसरी. तिच्यात उजव्या हाताची शेवटची तीन बोटं, मधलं, अनामिका आणि करंगळी, एकमेकांवरून ओलांडत अर्ध्या-अर्ध्या स्वरांनी वर-खाली पळत राहतात, आणि त्याच वेळी त्याच हाताचा अंगठा आणि तर्जनी खाली सूरसंगती धरतात. कागदावर जेमतेम दीड मिनिटाची रचना. पण हात शिथिल ठेवता आला नाही तर दहाव्या ओळीपर्यंत कोपरापासून आग होते. माझी व्हायची. माझे तेव्हाचे गुरू सांगायचे, कळ आली की समजावं हात तयार होतोय. मी समजले. पाच महिने समजत राहिले. एका सकाळी केस विंचरायला कंगवा उचलला आणि तो हातातून पडला. दाराची कडी सरकवता येईना. मनगटाच्या वर सूज, आणि बोट हलवलं की आत काहीतरी करकरल्यासारखं वाटायचं. ती परीक्षा मी दिली नाही. दोन वर्षं पियानोचं झाकण बंद होतं. हात बरा झाला, शिकवण्यापुरता. मंचावर वाजवण्याइतका कधीच नाही. गुरूंना मी दोष देत नाही. त्यांना त्यांच्या गुरूंनी तेच सांगितलेलं होतं आणि त्यांनी ते मनापासून मला सांगितलं.

माझी दुखापत ही कंडरेची. स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी आणि तिच्यावरचं आवरण सुजलं. फ्लायशर यांचा विकार वेगळा, मेंदूतला. त्याला फोकल डिस्टोनिया म्हणतात. प्रत्येक बोटासाठी मेंदूत जी स्वतंत्र जागा असते तिच्या सीमा पुसट होतात, एका बोटाला दिलेला हुकूम शेजारच्या बोटालाही जातो, वाकवणारे आणि उघडणारे स्नायू एकाच वेळी ओढू लागतात. व्यावसायिक वादकांमध्ये साधारण शंभरात एकाला हा होतो असं मानलं जातं. भांडी घासताना, लिहिताना हात ठीक असतो. वाद्यावर ठेवला की बोटं मुडपतात. दोन्ही विकारांची गल्लत मी करत नाही. कळ हा निदान एक निरोप तरी असतो, डिस्टोनियात तोही धड येत नाही. पण दोन्हीकडे, आता बळ लावून बघू, तास वाढवून बघू, हा उपाय घातक ठरतो.

आपल्या कार्यालयातल्या टेबलावर एक गोष्ट करून बघा. पंजा पालथा ठेवा. मधलं बोट मुडपून तळव्याखाली घ्या, बाकीची बोटं टेबलावर टेकवा. आता एकेक बोट उचला. अंगठा उठेल, तर्जनी उठेल, करंगळीही उठेल. अनामिका जागची हलणार नाही. कितीही जोर लावा. तिची उघडणारी कंडरा शेजारच्या बोटांच्या कंडरांना आडव्या पट्ट्यांनी बांधलेली आहे, ती एकटी मोकळी नाहीच. हा आळस नाही, ही रचना आहे. बोटांना 'बळकट' करण्याच्या नादात रचनाकार रॉबर्ट शुमान यांनी हाताला यंत्र लावून घेतलं आणि १८३२ च्या आसपास पियानोवादक होण्याची आशा त्यांना सोडावी लागली. त्यांनाही डिस्टोनियाच असावा, अशी शंका आजचे काही डॉक्टर घेतात.

तर १९६५. फ्लायशर यांच्या आयुष्यातली ही मधली वर्षं. या काळात जगणंच नको असं वाटण्यापर्यंत ते गेले होते, हे त्यांनी कधी लपवलं नाही. संसार मोडला. इंजेक्शनं, मालिश, मानसोपचार, ज्यानं जे सांगितलं ते केलं. त्या विकाराचं नाव त्यांना कुणी सांगितलं नाही, कारण डॉक्टरांनाच तो नीट माहीत नव्हता. आणि या सगळ्यात त्यांनी काय उभं केलं ते बघा. बॉल्टिमोरच्या पीबॉडी संगीत संस्थेत ते १९५९ पासून शिकवत होतेच. आता शिकवण्याची सगळी रीतच बदलली. पूर्वी ते विद्यार्थ्याला सरकवून स्वतः वाजवून दाखवत. आता ते शब्दांत सांगावं लागलं, आणि सांगता येण्यासाठी आधी स्वतःला नेमकं समजून घ्यावं लागलं. मी स्वतः शिकवते म्हणून सांगते, हे फार अवघड आहे. 'असं' म्हणून वाजवून दाखवणं सोपं असतं. ते ऑर्केस्ट्रा चालवायलाही शिकले. आणि डाव्या हातासाठी लिहिलेलं संगीत वाजवू लागले.

हे संगीत आलं कुठून? बरंचसं पॉल विट्गेनश्टाइन या एका माणसामुळे. व्हिएन्नाचे हे पियानोवादक. पहिल्या महायुद्धात, १९१४ मध्ये उजवा हात गमावला. घरी पैसा होता, त्यातून त्यांनी मोठमोठ्या रचनाकारांकडून डाव्या हातासाठी कॉन्चेर्टो लिहवून घेतले. राव्हेल यांचा त्यातला सर्वांत प्रसिद्ध. एका हाताचा म्हणून तो अपुरा वाटेल असं कुणाला वाटत असेल तर डोळे मिटून ऐकावा. डाव्या हाताचा अंगठा वर गाणं म्हणतो, करंगळी खाली खर्ज देते, मधल्या उड्या पेडल सांभाळतं. हाताची ठेवणच अशी की सर्वांत ताकदवान बोट वरच्या सुरावर येतं. उजव्या हातात ते काम बिचाऱ्या करंगळीकडे असतं! फ्लायशर यांनी हा कॉन्चेर्टो अक्षरशः जगभर वाजवला.

बाखच्या डी मायनर शाकॉनचं (एकाच चौकटीवर पुन्हापुन्हा नवी रूपं रचत जाणारी रचना) ब्राम्स यांनी केलेलं डाव्या हाताचं रूपही ते वाजवत. १८७७ मध्ये ब्राम्स यांनी ते रॉबर्ट शुमान यांच्या पत्नी, पियानोवादक क्लारा शुमान यांना पाठवलं, आणि ते हाती पडलं तेव्हा क्लारा यांचा उजवा हात नेमका दुखावलेला होता. खण उघडताना शीर ओढली गेली होती. साठ वर्षं मंचावर वाजवणारी बाई, आणि घरातला एक खण. मला हा प्रसंग पुन्हापुन्हा आठवतो. वादकाचा हात किती मोठा आणि किती साधा असतो ते त्यात आहे.

आता वर्तमानपत्रांचा भाग. १९८१ मध्ये फ्लायशर यांच्या मनगटावर शस्त्रक्रिया झाली. पुढच्या वर्षी बॉल्टिमोरमध्ये मायरहॉफ सभागृहाचं उद्घाटन होतं. त्यांचं दोन्ही हातांनी पुनरागमन, टीव्हीचे कॅमेरे, आधीपासून गाजावाजा. ठरला होता बेटहोवनचा चौथा कॉन्चेर्टो. हात साथ देईना म्हणून त्यांनी सेझार फ्रँक यांची रचना वाजवली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, दुसऱ्या दिवशी मोठमोठ्या बातम्या आल्या. पण मंचावर बसलेल्या त्या एका माणसाला ठाऊक होतं की हात बरा झालेला नाही. ठरलेले पुढचे कार्यक्रम सोडून ते डाव्या हाताकडे परतले. चमत्काराच्या बातमीनंतर हे परतणं किती एकट्यानं करावं लागलं असेल, याचा विचार आपल्या व्यवसायातल्या लोकांनी जरूर करावा. मी हे रागानं लिहीत नाही. त्या बातम्या लिहिणाऱ्यांनाही मनापासून आनंदच झाला असणार.

विकाराचं नाव कळलं ते नव्वदच्या दशकात. बोटुलिनम विष, लोक ज्याला बोटॉक्स म्हणतात, अगदी सूक्ष्म प्रमाणात त्या हट्टी स्नायूत टोचलं की चेतातंतूचा निरोप अडतो आणि स्नायू काही महिने सैलावतो. बरा होत नाही, सैलावतो. मग पुन्हा टोचायचं. १९९५ मध्ये त्यांनी क्लीव्हलंड ऑर्केस्ट्राबरोबरच मोत्सार्ट वाजवला, जिथून परत पाठवलं गेलं होतं तिथेच, तीस वर्षांनी. २००४ मध्ये दोन्ही हातांच्या वादनाचा अल्बम आला, त्यात शूबर्टची शेवटची, बी फ्लॅट मेजर सोनाटा आहे. तारुण्यातल्या ध्वनिमुद्रणातली ती चपळाई त्यात नाही. बोटं कुठे जपून टाकली आहेत ते वाजवणाऱ्याला कळतं. पहिल्या पानावर खाली खर्जात एक धीमी ट्रिल येते आणि त्यानंतर शांतता. ती शांतता त्यांनी जितकी धरून ठेवली आहे, तितकी धरण्याचं धैर्य मला दुसऱ्या कुणात दिसलं नाही. त्याच वर्षी त्यांनी बर्लिनमध्ये हिंडेमिट यांची डाव्या हाताची एक रचना पहिल्यांदा लोकांपुढे आणली. १९२३ मध्ये विट्गेनश्टाइन यांच्यासाठी लिहिलेली, त्यांनी कधीच न वाजवलेली, आणि ऐंशी वर्षं त्यांच्या घरच्या कागदपत्रांत पडून राहिलेली.

२ ऑगस्ट २०२० रोजी ब्याण्णवाव्या वर्षी ते गेले. अगदी शेवटपर्यंत शिकवत होते. आणि तरुण वादकांना हाताविषयी, थांबण्याविषयी सांगणं हे आपलं कामच आहे असं मानून ते जाहीरपणे बोलत राहिले.

माझी मागणी लहान आहे. पुन्हा कधी अशा मुलावर किंवा मुलीवर लिहाल तेव्हा लेखकानं दोन प्रश्न जास्तीचे विचारावेत: हात दुखतो का, आणि दुखला की कोण थांबवतं? उत्तर आलं तर तेही छापावं. आणि चिकटपट्टीचा फोटो टाकायचाच असेल तर त्याखाली एका ओळीत लिहावं की दुखणारा हात डॉक्टरांना दाखवायचा असतो, वादकांच्या दुखापतींची माहिती असलेल्या डॉक्टरांना मिळाल्यास उत्तम.

माझी विद्यार्थिनी सध्या तीन आठवडे वाजवत नाही. ती नोटेशन मांडीवर घेऊन ऐकते, डाव्या हातानं हळू वाचते, उजव्या हाताचे सूर तोंडानं म्हणते. परवा तिनं बाखच्या एका छोट्या रचनेत मला एक असा आतला सूर दाखवला जो इतके महिने वाजवूनही तिनं ऐकलाच नव्हता. वडील अजून नाराज आहेत. ते आपलं वर्तमानपत्र रोज वाचतात. हे पत्र छापलंत तर मी ते कापून तिच्याकडे देणार आहे, त्या कात्रणाशेजारी लावायला.

आपली,
एक पियानो शिक्षिका